बाहेर बसायची जागा

सासरे जिन्यात बसतात, ही बातमी मला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दिली. त्या वजन उतरवायला लिफ्ट सोडून जिना चढतात. "तब्येत बरी आहे ना त्यांची? रोज दुपारी पायरीवर दिसतात, म्हणून विचारलं." विचारलं म्हणे! सून घरात बसू देत नाही, हे एव्हाना सगळ्या बिल्डिंगभर झालेलं असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडावर हसू ठेवून मी म्हटलं, "त्यांना तिथे वारा लागतो."

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला, दुसऱ्या मजल्यावर. माझे सासरे, म्हणजे आप्पा, घोटीच्या पुढच्या एका खेड्यातले. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते तिथे एकटेच राहिले. भाताची शेती वाट्याने दिलेली, स्वयंपाक स्वतःचा स्वतः. या पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं. दोन तास ते चिखलात पडून होते. शेजारचा माणूस काही मागायला आला, म्हणून कळलं. नवऱ्याने त्याच दिवशी त्यांना गाडीत घालून नाशिकला आणलं. प्लास्टर निघेपर्यंत, असं आप्पांना सांगितलं. आता कायमचं, असं आम्ही आपसांत ठरवलं.

मी काही कमी केलं नाही, हे आधीच सांगते. हॉलमध्ये खिडकीजवळचा सोफा त्यांना दिला. भाकरी रोज केली. आणि त्यांच्या खोकल्यामागे तर मी हात धुऊन लागले. आप्पा दिवसातून दहा वेळा खोकायचे, बहुतेक वेळा दाराशी आले की. मी आल्याचा काढा दिला, ज्येष्ठमध दिला, मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती एकदम साफ आहे. मी म्हटलं, मग तंबाखू असेल, आणि तंबाखू बंद केली. आप्पांनी हूं की चूं केलं नाही. काढा निमूटपणे प्यायले, चंची निमूटपणे माझ्या हातात दिली, आणि खोकत राहिले.

त्या बाईंशी बोलणं झालं त्याच आठवड्यात मी शाळेच्या ऑफिसातून लवकर घरी आले. मुलगी शाळेतून येऊन घरात एकटी होती, आणि आप्पा खरंच जिन्यात होते. वर्तमानपत्र चौघडी घालून अंगाखाली घेतलेलं, पाठ भिंतीला. मला बघून ते चटकन उभे राहिले. आणि माझा तोल गेला.

"घरात दोन सोफे आहेत आप्पा! इथे काय बसता? लोक मला काय म्हणतील याचा काही विचार?"

"नाय, नाय. आत जातो," ते म्हणाले आणि माझ्या आधी आत गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "रविवारी मला घोटीच्या गाडीत बसवून दे. हात बरा हाय आता. कापणी आली." नवऱ्याने डॉक्टरचं नाव काढलं, अंगणाचं नाव काढलं. आप्पा ताटाकडे बघत राहिले. मला काय वाटलं ते खरं सांगायचं, तर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याची लाज वाटली. ते परत एकटे असताना पडले तर पुढच्या खेपेला शेजारी वेळेवर येईलच असं थोडंच आहे? आणि ते माझ्या एका ओरडण्यामुळे चालले होते, हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

शुक्रवारी नणंद घोटीहून बापाला भेटायला आली. मी स्वयंपाकघरात ज्येष्ठमध कुटत होते. "हे कोणाला?" तिने विचारलं. मी सांगितलं, आप्पांच्या खोकल्याला. ती आधी बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो वहिनी, आप्पाला कुठला खोकला? बाई घरात एकटी असली का दारात खाकरायचं, मग पाऊल टाकायचं. तिला कळाया नको, पुरुषमाणूस येतोय? आई होती तरी खाकरायचे. तुम्ही सून. तुमच्यासाठी दोनदा."

मी येवल्याची. आमच्या घरात दार उघडलं की समोरच हातमाग. वडील दिवसभर मागावर, आम्ही पोरं मागाच्या आसपास, आई पलीकडे चुलीपाशी, सगळं एकाच खोलीत. आमच्याकडे कोण कोणासाठी खाकरणार? सासरी सणाला म्हणून जायचे तेही दोन-चार दिवस. लग्नाच्या सतरा वर्षांत मला हे कळलं नव्हतं.

"मग जिन्यात का बसतात?" मी विचारलं. माझा आवाज खाली आला होता.

"बाईला घरात मोकळं वावरता आलं पायजे ना. गावाला आप्पा जेवायला न् निजायलाच आत. बाकी दिवस ओट्यावर. लय पाऊस असला का पडवीत. तुमच्याकडं बाहेर हायच कुठं?"

बाहेर होतं. चार फुटांची बाल्कनी होती. गेल्या वर्षी मीच नवऱ्याच्या मागे लागून ती आत घेतली होती. कठडा काढून भिंत, वर सरकत्या काचा, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि कोपऱ्यात वॉशिंग मशीन. आल्यागेल्याला मी ती खोली कौतुकाने दाखवायचे. आप्पा आम्हा मायलेकींसाठी घर मोकळं ठेवायला पायरीवर बसत होते, आणि मी त्यांना लोक काय म्हणतील म्हणून ओरडले होते. मला त्या क्षणी स्वतःची फार चीड आली.

शनिवारी सकाळीच मिस्त्री बोलावला. नवरा म्हणाला, "लावताना तूच भांडली होतीस." मी म्हटलं, "आता काढताना भांडते." मुलीने टेबल बेडरूममध्ये नेताना जेवढी आदळआपट करायची तेवढी केली. काचा उतरल्या. भिंत एका दिवसात पाडून होणार नव्हती, पण बसलेल्या माणसाला तिच्यावरून पलीकडचं दिसेल इतकी ती बुटकी होती. पांडवलेण्यांच्या डोंगराचा एक तुकडा, पाण्याच्या टाक्या आणि खालचा रस्ता. मी एक खुर्ची ठेवली आणि तंबाखूची चंची आणून खुर्चीवर ठेवली.

आप्पांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. संध्याकाळी बघितलं तर ते खुर्चीवर बसलेले होते. मी दोन कप चहा घेऊन गेले. माझी चाहूल लागताच ते सवयीने उठले आणि आत जायला वळले. मी आले म्हणजे जागा माझी, हा त्यांचा हिशेब.

"बसा आप्पा," मी म्हटलं. "माझ्यासाठी उठू नका. त्या दिवशी चुकलं माझं."

ते परत बसले. मी उंबऱ्यावर बसले. सतरा वर्षांत आम्ही दोघं असे पहिल्यांदाच बसत होतो. खाली रिक्षावाले सवारीवरून भांडत होते. आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकून प्यायले आणि डोंगराकडे बघत विचारलं, "येवल्याला तुमच्या घराला ओटा हाय का?"

"नाही. दार उघडलं की रस्ता. पुढच्या खोलीत माग."

"मग बाया कुठं बसायच्या?"

"बसायच्या नाहीत," मी म्हटलं. "काम असायचं."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे तू बी कधी बाहेर बसली नाय," ते म्हणाले.

मला कधी कोणी हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

आप्पा खुर्चीवरून जरा सरकले, बाल्कनीची रुंदी नजरेने मोजली. "पोराला सांग," ते म्हणाले, "उद्या घोटीला नाय जायाचं. बाजारात जाऊ. अजून एक खुर्ची बसती इथं."