हिरवी खूण

माझा कोड वाचता वाचता सहकारी मानसी एका ओळीवर थांबली. "एरर रिकामी आहे ना? मग स्टेटस कशाला तपासतोस? तीन ओळी उगाच वाढतात."

गो या प्रोग्रामिंग भाषेचं असंच आहे. समोरच्या सर्व्हरने 'पाचशे' हा स्टेटस, म्हणजे 'माझ्याकडे बिघाड आहे', असं कळवलं तरी एरर, म्हणजे चुकीची नोंद, रिकामीच राहते. उत्तर पोचलं, एवढं तिला पुरतं. गेल्या महिन्यात माझ्याच कोडने याच भरवशावर, रक्तपेढीत नोंदच न झालेल्या मागणीपुढे हिरवी खूण दाखवली. एक बाई ती खूण बघत, रक्त येईल म्हणून दवाखान्यात तासभर बसून राहिल्या.

कचेरीतल्या साहेबांच्या "बघतो"वरही आपण असंच काम झालं समजून घरी येतो. मी आता तसा येणार नाही.

"तिन्ही ओळी राहतील," मी मानसीला म्हणालो. "हवं तर त्या बाईंना विचार, उगाच आहेत का."