विहिरीवरच्या दोन रांगा
नगरला आमच्या शेजारी एक ज्यू फिटर राहायचा. शनिवारी पान्याला हात लावायचा नाही. एलियाहू नबीच्या नावानं गूळपोह्यांचा मलिदा केला, की पहिली वाटी मात्र आम्हा ख्रिस्त्यांकडे यायची.

आमच्या पाळकसाहेबांना राहवायचं नाही. "मसीहा येऊन गेला. तुम्ही अजून कुणाची वाट बघताय?"

"बघतो की," एवढंच म्हणून तो हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मात्र हसला नाही. उठून खिडकीशी गेला. समोर चर्चच्या विहिरीवर दोन रांगा होत्या. जुन्या ख्रिस्ती घरांना आधी पाणी, गावकुसाबाहेरून बाप्तिस्मा घेऊन आलेल्यांना उरलं तर.

"तो आला असता, तर रांग एकच असती, साहेब."

मीही खिडकीतून बाहेर पाहिलं. पहिल्या रांगेत माझी घागर होती.