दादा, बागेत पुन्हा लाल्या आला

मले भेव लागून राह्यलं. म्हणून दोन दोन ओळी लिहितो.

आज भास्करदादाले जाऊन वर्ष झालं.
अन् आज सकाळीच आमच्या लिंबाच्या बागेत पुन्हा लाल्या दिसला.

पानं फिकी, फळावर तांबूस डाग. पांढऱ्या रुमालावर फांदी झटकली त बारीक लाल ठिपके चालाले लागले.


मागच्या उन्हाळ्यात असंच झालतं. दादानं किड्याची दवाई मारली. पण लाल्या म्हणजे आठ पायाचा कोळी. त्याले काहीच झालं नाही, त्याले खाणारे किडे मेले.
थोड्याच दिवसात लाल्या बागभर!

मग दादानं चिडून एकाच बकेटीत तीन दवाया कालवल्या.
"अरे, मास्क त लाव!"
"दुपट्टा हाय ना व, सुनू. वास नाही आला त दवाई कायची?" अन् हसला.

भर दुपार. वरून वारा.
घरी आला त घामानं चिंब, तोंडाले फेस.

आमच्या रामपायलीवरून बालाघाटच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं. "सुनू, मले नीट दिसून नाही राह्यलं व," म्हणे.

डॉक्टर विचारत होते, "कौन सी दवाई थी?"
कोणालेच सांगता नाही आलं. डबे वावरातच राह्यले होते.
दादा वापस नाही आला.

आज बाबा दवाईचा पंप खांद्याले लावून निघाले. मी फाटकात आडवी झाली.
"सरक व. माह्या पोरानं लावलेली बाग हाय. मरू देऊ का?"
"मरू द्या!"
बाबावर जनमात कधी वरडली नव्हती मी.

बाबा तिथंच मातीत बसले. लेकरावानी रडले. मी बी रडली.

मग मोटर चालू केली. कृषी केंद्रातल्या मॅडमनं सांगतलं तसं पाइपानं पानं खालून धुऊन राह्यलो, कोळी तिथंच राह्यते. तरी उरला त गंधक मारू, पण सांजच्याले, अंग-तोंड झाकून.

ज्यायच्या घरी बाग हाय त्यायनं आयका. दवाया कालवू नका. बाप्पा, हात जोडतो!

बाग वाचते का नाही, मले माहीत नाही. बाबा नुसते खोकलले तरी माहा जीव उडते.

दादा, आज तुले सारे श्रद्धांजली वाहून राह्यले, माही बी घे.
तुही बाग गेली त माफ कर रे.
बाबाले मी जाऊ देत नाही.