शीव न सोडणारा राखणदार

अमेरिकेला निघताना आईने गाडी गावाच्या शिवेवर थांबवली, गाव राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, नारळ ठेवला आणि माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. मग मला म्हणाली, "शिवेपर्यंत तो आसा. फुडे तुजा तू बघ." त्याला चौदा वर्षं झाली. फ्रीमाँटच्या टाउनहाऊसमध्ये देव्हारा आहे, राखणदार नाही. तो शीव सोडत नाही, आणि बाबा गेल्यापासून त्याचं कारण पुढे करून आईही गाव सोडत नाही. परदेशात राहणाऱ्या तुमच्यापैकी कितीजण माझ्यासारखे यावरून फोनवर आईशी भांडता, मला ठाऊक आहे.

शेजारी खिन राहते, बर्मी. गेल्या वर्षी तिने आपल्या आईला कायमचं आणलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींनी आल्या आल्या वरच्या फळीवर बुद्ध बसवला आणि खाली कोपऱ्यात लाल फडकं बांधून देठासकट नारळ टांगला. तो घर राखणारा आत्मा. त्यांच्यात त्याला नाट म्हणतात. खिनने समजावलं, "बुद्धाकडे मागायचं नसतं, त्याच्याकडून शिकायचं. व्हिसा, ताप, मुलांच्या परीक्षा, हे सगळं याच्याकडे." म्हणजे हिची आईही आली आणि राखणदारही. एकीलाच सगळं कसं मिळतं?

एकदा मी सवयीने त्या नारळाला उदबत्ती ओवाळायला गेले. मावशींनी झटकन माझा हात धरला. खिनने सांगितलं, हा नाट मूळचा लोहार, राजाने त्याला जिवंत जाळलेलं. भाजलेल्या अंगाला थंडावा म्हणून नारळाचं पाणी; त्याला विस्तव दाखवायचा नाही. मी ओशाळले खरी, पण घरी येऊन आईला फोनवर ऐकवलंच, "बघ, त्यांचा राखणदार विमानात बसला. तुझाच तेवढा अडून का?"

आई शांतपणे म्हणाली, "तिच्या आवशीक इचार, ती गाव सोडून कित्याक इली."

विचारलं, गाव का सोडलं. मावशी हळू बोलत होत्या, खिन इंग्रजीत सांगत होती. लढाईत त्यांचं गाव जळलं. नारळ टांगायचा तो खांबही गेला. तिथे राखायला काही उरलं नाही, म्हणून त्याला घेऊन आले, म्हणाल्या.

मी आईला अजूनही ये म्हणते. ती अजूनही नाही म्हणते. गाव जागेवर आहे म्हणून तिला नाही म्हणता येतं, आणि ती नाही म्हणते तोवर माझंही तिथे घर आहे, हे मला कळतं. तरी खिन सकाळी आईची वेणी घालताना खिडकीतून दिसली, की मी पडदा ओढून घेते.