जन्माची अंडरस्टडी

इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या त्या गल्लीत जन्मात नाटक न पाहिलेल्या माणसांच्या तोंडीही अंडरस्टडी हा शब्द होता, आणि तो तिथं आणला बेरिल शॉक्रॉसनं. गिरणीतला मुकादम आजारी पडला की त्याच्या जागी उभा राहणारा अंडरस्टडी. पाद्रीबुवा सुटीवर गेले की शेजारच्या गावाहून येणारे तेही अंडरस्टडीच. पत्त्यांच्या डावाला चौथा गडी कमी पडला की नेली, बेरिलची धाकटी बहीण, ओरडायची, "ये गं बेरिल, जागा रिकामी झाली तुझ्यासाठी!" सगळे हसत. बेरिलही हसे. न हसून करते काय!

पन्नाशी उलटली होती तिची. एका फिरत्या नाटक कंपनीत मिस डेलमार या मुख्य नटीची बदली म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डेलमारबाईंची सगळी भाषणं तोंडपाठ ठेवायची आणि बाई आल्या की वरच्या गारठलेल्या खोलीत लोकर विणत बसायचं, एवढंच काम. बाईंची प्रकृती घोड्याची. ताप येवो, पाय मुरगळो, बाई रंगमंचावर हजर. इतकी टणक बाई देवानं नेमकी हिच्याच नशिबी का घालावी?

वडील, सेथ शॉक्रॉस, गिरणीत हाडं झिजवलेले विणकर. "नाटकात असतेस म्हणतेस, मग दिसत कशी नाहीस?" असं ते एकदाच म्हणाले होते. ते तिच्या मनात कायमचं रुतलं. आता त्यांची नजर इतकी अधू झाली होती की समोरचं माणूस त्यांना आवाजावरूनच कळे.

दौऱ्याचा शेवटचा मुक्काम तिच्याच गावी पडला. शनिवार उजाडला, दुपारचा खेळ आणि रात्रीचा एक झाला की कंपनी बंद व्हायची होती. सकाळीच व्यवस्थापक धावत आला. "बाईंचा आवाज बसलाय. दुपारी तू उभी राहा."

बेरिलनं नेलीला निरोप धाडला, 'बाबांना घेऊन ये. आज नाही तर कधीच नाही.' रिवाजाप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घातली गेली: मिस डेलमार यांच्या जागी आज मिस बेरिल शॉक्रॉस.

पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी 'हाफ' असा पुकारा होतो. त्याच्या आत मुख्य नटी आली तर भूमिका तिची, नाही तर बदलीची. बेरिल रंग लावून, झगा चढवून बसली होती. पुकारा होणार तोच दार उघडलं. गळ्याला मफलर गुंडाळलेल्या डेलमारबाई आत आल्या.

"काढ गं तो झगा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "शेवटचा दिवस आहे. लोक मला बघायला आलेत."

बेरिलनं झगा काढला. पाठीचे हूक सोडवणारी कंपनीची कपडेवाली पुटपुटली, "एक दिवस घरी निजली असती तर मेली नसती ही." बेरिलला रडूही आलं नाही, नुसता थकवा आला. ती वर जाऊन बसली आणि खालून येणारी आपली वाक्यं दुसरीच्या फाटक्या आवाजात ऐकत राहिली.

दारवाल्या पोरींनी पत्रिकांतल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. पण सेथबाबा जन्मभर भोंग्याच्या आधी गिरणीच्या फाटकात उभे राहिलेले. ते केव्हाच सज्जात जाऊन बसले होते. नेलीनं चिठ्ठी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि ती आपल्या तळलेल्या माशांच्या दुकानाकडे पळाली, शनिवारची गर्दी होती.

खेळ संपल्यावर बेरिल सज्जाचा जिना चढली. खरं काय ते सांगून टाकायचं, हे तिनं ठरवलं होतं. सज्जा रिकामा झाला होता. बाबा एकटेच बसले होते, हातात ती चिठ्ठी.

"बाबा, मी बेरिल. ऐका—"

"थांब. आधी मला बोलू दे." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. आयुष्यात कुणाला बरं न म्हटलेला माणूस! "झकास केलंस, पोरी. बाजूची बाई तर रडत होती. मी तिला म्हटलं, ती माझी मुलगी."

बेरिल त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"आवाज बसलेला होता तुझा," ते म्हणाले. "पण मी कुठंही ओळखला असता."

तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसणार नव्हतं, तेवढं बरं. मग तिनं घसा खरवडला आणि डेलमारबाईंच्या त्याच फाटक्या आवाजात म्हणाली, "हो बाबा. सकाळपासून दुखतोय."

"तरी उभी राहिलीस." त्यांनी कोटाच्या खिशातून खोकल्याची एक गोळी काढली, तिला चिकटलेले लोकरीचे तंतू बोटानं पुसले आणि तिच्या हातावर ठेवली. "चघळ. रात्री परत उभं राहायचंय ना तुला."

बेरिलनं ती तोंडात टाकली आणि त्यांना हात धरून जिना उतरवू लागली.