मशीनचं ऐकणारा मिस्त्री

परभणीच्या उरुसात माझी गोळीची मशीन असायची. काचेखाली लोखंडी गोळी उडवायची, दिवे लागायचे, आकडे फिरायचे. बिघडली की रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री यायचा. आधी काच पुसायचा, मग डोळे मिटून गोळी सोडायचा. मी मध्ये बोललो की म्हणायचा, "मालक, मशीनला बोलू द्या की."

एका उरुसात ऐन गर्दीत मशीनमधून धूर निघाला. तो आला तसा मी चारचौघांत ओरडलो, "काल तुमीच हात लावला, तुमीच बिघडवली!"

त्यानं मागची फळी काढली. आत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार होती. सारखा फ्यूज उडतो म्हणून काल तो गेल्यावर ती मीच बसवली होती, आणि तिच्यामुळंच कॉइल जळाली होती. आता हा लोकांपुढं माझी लाज काढणार, असं वाटलं. त्यानं तार खिशात टाकली आणि गर्दीकडं वळून म्हणाला, "माझ्याच हातून राहिलं. दुसरी कॉइल टाकतो, अर्ध्या घंट्यात खेळा."

मी लय ताठ माणूस. पण त्या दिवशी बॅटरी धरून त्याच्याजवळ उभा राहिलो.

"मालक, उजेड जरा डावीकडं."

मी डावीकडं धरला. कमीपणा वाटला नाही, उलट बरंच वाटलं.