आईंचा फ्रेमचा फोटो

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर उशीर मांजराला होतो, मला नाही. माणसांवरही माझा विश्वास बेताचाच... कलिंगडसुद्धा मी कापून बघितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

मी विरार वेस्टला राहते. चाळिशी उलटल्यावर पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. चार दिवसांत हौस फिटली तर नवा कॅमेरा पडून राहील, म्हणून वसईच्या बाजारातून जुना एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर घेतला. चेहऱ्यांसाठी एक फिफ्टी एमएम लेन्सही घेतली. दुकानदार फारच गोड बोलत होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. घरी येऊन सगळं उलटसुलट तपासलं. कॅमेरा ठणठणीत होता.

ऑफिसमधली माझी मैत्रीण स्मिता वसईजवळच्या निर्मळ गावची, घरची केळीची वाडी आहे. ती म्हणाली, "आईचा फोटो काढशील? फ्रेमचा?"

फ्रेमचा म्हणजे हार घालायचा, हे कळायला मला जरा वेळ लागला. माणूस गेल्यावर लग्नाच्या ग्रुप फोटोतलं डोकं कापून मोठं करायचं, त्यापेक्षा जिवंतपणीच नीट काढून ठेवावा, असं त्यांच्याकडे. स्मिताचे वडील गेले, त्यांचा तसा राहून गेला होता. आईंना मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आला, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली, हसू कायमचं गेलं. तरी हट्ट त्यांचाच होता... "आहे तशी काढ."

रविवारी सकाळी ओटीवर, दाराच्या उजेडात त्यांना बसवलं. स्मिता माझ्या उजवीकडे बसली.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – या कॅमेऱ्यात आत आरसा असतो. क्लिक केलं की तो वर उडतो आणि पापणी लवावी तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो. म्हणजे फोटोत जो क्षण येतो, नेमका तोच आपल्याला दिसत नाही. प्रत्येक क्लिकच्या आधी आणि नंतर आई तशाच होत्या. गंभीर, ओठ एका बाजूला ओढलेला, नजर सरळ लेन्समध्ये.

घरी लॅपटॉपवर फोटो उघडले... आणि हात थांबला. प्रत्येक फोटोत आई हसत होत्या. तोंडभरून, दोन्ही गालांनी. आणि बघत होत्या ते माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला.

पहिला संशय दुकानदारावर. काहीतरी सॉफ्टवेअर घालून ठेवलं असेल मेल्याने! नवऱ्याचे फोटो काढले, सोसायटीच्या वॉचमनचे काढले. सगळे जसेच्या तसे, सुतकी. मग आईंवर संशय – बाई त्या काळोखाच्या क्षणात हसून घेत असतील? पण स्मिता सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होती.

तिला फोटो पाठवले आणि लगेच फोन आला. "एडिट कशाला केलंस? माझ्या आईचं तोंड वाकडं आहे, त्याची तुला लाज वाटली?"

"अगं, शपथ घेऊन सांगते, मी काही केलं नाही."

"मग काय आपोआप सरळ झालं?"

तिने फोन ठेवला. ऑफिसात डबाही वेगळा खायला लागली. मी जगावर संशय घेते, पण माझ्यावर कोणी घेतल्यावर फार लागलं. इतक्या वर्षांची मैत्रीण अशी तुटतेय बघून रडू यायचं.

पुढच्या रविवारी न सांगताच कॅमेरा घेऊन निर्मळला गेले. "तूच काढ. मी हात लावत नाही," म्हटलं. आणि फोटोत आई ज्या जागेकडे बघत होत्या, तिथेच मुद्दाम जाऊन उभी राहिले.

स्मिताने क्लिक केलं. स्क्रीनवर आई होत्या तशाच आल्या. वाकडा ओठ, सरळ नजर.

"आता कसा बरोबर आला?" स्मिता म्हणाली.

आई मात्र वैतागल्या. जड जिभेने मला म्हणाल्या, "तू बाजूला हो गं. ह्यांची जागा अडवलीस."

"कोणाची, आई?"

"ह्यांची," त्या पुन्हा म्हणाल्या. आईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

मी निमूट सरकले. स्मिताने पुन्हा क्लिक केलं. मी आईंकडे टक लावून बघत होते, त्या हसल्या नाहीत. स्मिता मात्र स्क्रीनकडे बघतच राहिली. मग तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. फोटोत आई हसत होत्या.

तोच फोटो पुढे फ्रेमला दिला. लेन्स, सेन्सर, मेमरी कार्ड... सगळं मी जाणकारांना दाखवून झालं. कोणाला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण त्या सकाळी स्मिता डोळे पुसत आत गेली, एक खुर्ची घेऊन आली आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"बसा, बाबा," ती म्हणाली.